केळीच्या बुंध्याशी टाकलेले विष

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक आणि ग्वादलूप या दोन बेटांवरील कुटुंबे समुद्रकिनारी जमतात. आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सारे घर झाडांच्या सावलीत बसते आणि मोठ्या पातेल्यातून खेकड्यांचे झणझणीत कालवण व भात वाढला जातो. बेटांवरील बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत आणि या कालवणावाचून त्यांचा पुनरुत्थानाचा सण पुरा होत नाही. जमिनीत बीळ करून राहणारे हे खेकडे सणाच्या बरेच आधी पकडून आणतात, पिंजऱ्यात ठेवतात, पाला आणि फळे चारून त्यांचे पोट स्वच्छ करतात आणि मगच ते चुलीवर चढवतात. पूर्वजांनी घालून दिलेली ही शुद्धतेची रीत आजही पाळली जाते.

परंतु गेल्या काही वर्षांत तेथील गृहिणी खेकडा विकत घेताना एक नवा प्रश्न विचारू लागली आहे : हा खेकडा कोणत्या ओढ्याकाठचा? चार दिवस पाला चारून जे निघून जाणार नाही असे काहीतरी काही ठिकाणच्या खेकड्यांच्या देहात साठलेले आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. त्याचे नाव क्लोरडिकोन. ते खेकड्यांसाठी कोणी टाकले नव्हते. टाकले होते केळीच्या बुंध्याशी, डोंगरउतारावरच्या मळ्यांत, तेही तीस-पन्नास वर्षांपूर्वी.

ते विष मळ्यातून सणाच्या ताटापर्यंत कसे पोहोचले, याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. देश दूरचा आहे, हे खरे. परंतु केळीची वाडी आणि मासळीचे जाळे ही दोन्ही ज्या समाजाच्या ओळखीची आहेत, त्याला ही कथा परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

डोंगर, पाऊस आणि केळी

१६३५ साली फ्रेंचांनी या दोन्ही बेटांवर वसाहत केली. ऊस आणि साखर हे त्या वसाहतीचे धन होते आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर ते उभे होते. १८४८ साली गुलामगिरी कायमची रद्द झाली तेव्हा मळेवाल्यांनी कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यांचे पहिले जहाज १८५३ साली मार्टिनिकला आणि पुढच्याच वर्षी ग्वादलूपला लागले. पाँडिचेरी आणि कारिकल या फ्रेंच बंदरांतून गेलेल्या त्या मजुरांचे वंशज आजही तेथे आहेत. मार्टिनिकच्या उत्तर भागातील मळ्यांच्या परिसरात त्यांची वस्ती विशेष दिसते. १९४६ साली ही बेटे फ्रान्सचे जिल्हे बनली. कागदोपत्री तेथील मनुष्य पॅरिसच्या नागरिकाइतकाच नागरिक झाला. जमिनीचा मोठा हिस्सा मात्र पूर्वीप्रमाणे थोड्या घराण्यांच्या हाती राहिला.

विसाव्या शतकात साखरेचा धंदा उतरणीला लागला आणि तिची जागा केळ्यांनी घेतली. हिरवे घड जहाजांत भरून फ्रान्सला पाठवायचे, हा बेटांचा मुख्य व्यापार झाला. मार्टिनिकच्या उत्तरेला पेले हा ज्वालामुखी आहे, ज्याच्या १९०२ सालच्या उद्रेकात सें-पियेर हे संपन्न शहर काही क्षणांत भस्मसात झाले. ग्वादलूपच्या बास-तेर भागात सुफ्रिएर हा ज्वालामुखी आहे. त्यांच्या राखेतून बनलेली काळी, भुसभुशीत माती केळीला मानवते. डोंगरावर पाऊस धो धो कोसळतो आणि नद्या आखूड आहेत. माथ्यावर पडलेला थेंब काही मैलांतच समुद्राला मिळतो. मळा आणि समुद्र यांच्यामधले अंतर येथे इतके थोडे आहे. पुढे जे घडले त्याचे अर्धे कारण या भूगोलात आहे.

मूठभर पांढरी पूड

केळीचा एक जुना शत्रू आहे, कंद पोखरणारा सोंडकिडा. त्याची मादी बुंध्याशी अंडी घालते, अळ्या कंदात शिरून त्याला भोके पाडतात आणि मग वाऱ्याच्या एका झोताने घडासकट झाड आडवे होते. जुन्या औषधांना हा किडा दाद देईनासा झाला, तेव्हा मळेवाल्यांनी नव्या औषधाचा शोध सुरू केला. अमेरिकेत १९५० च्या दशकात एक कीटकनाशक तयार झाले होते. बाजारात त्याचे नाव केपोन. त्यातील मूळ द्रव्य क्लोरडिकोन.

या द्रव्याची रचना समजून घेतली पाहिजे. कार्बनचे दहा अणू एका बंद पिंजऱ्यासारखे जोडलेले असून त्यांना क्लोरीनचे दहा अणू बाहेरून चिकटलेले आहेत. हा पिंजरा फोडणे उन्हाला, पावसाला आणि मातीतील जिवाणूंनाही फार कठीण जाते. किडा मारणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण होता, कारण औषध लवकर उतरत नसे. मातीच्या दृष्टीने तोच त्याचा सर्वांत मोठा दोष ठरला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील विषविषयक समितीने या औषधाला परवानगी नाकारली होती. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याची विषारी लक्षणे दिसली होती. रेचल कार्सन यांचे कीटकनाशकांच्या धोक्याविषयीचे प्रसिद्ध पुस्तक १९६२ साली प्रकाशित झाले होते, म्हणजे अशा द्रव्यांचा स्वभाव जगाला अगदीच अज्ञात होता, असे नव्हे. तरीही १९७२ साली तात्पुरती म्हणून परवानगी देण्यात आली. मजूर स्त्री-पुरुष बादलीतून पांढरी पूड घेत आणि मूठमूठ प्रत्येक बुंध्याशी टाकत. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही, हात धुवायला जवळ पाणी नाही. दुपारी त्याच हातांनी भाकरतुकडा खाल्ला जाई.

सर्वांत आधी ओरड केली ती याच मजुरांनी. १९७४ च्या आरंभी मार्टिनिकच्या केळी-मळ्यांत संप झाला. मजुरीवाढ ही मुख्य मागणी होती. परंतु मागण्यांच्या यादीत विषारी औषधांचा वापर थांबवावा, हेही कलम होते. १४ फेब्रुवारी रोजी शालव्हे येथे सशस्त्र पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला आणि रेनोर इलमानी हा शेतमजूर ठार झाला. दोन दिवसांनी जॉर्ज मारी-लुईझ या तरुणाचे प्रेत सापडले. मजुरीत काही वाढ मिळाली. पांढरी पूड मात्र तशीच चालू राहिली. ज्यांना रसायनशास्त्राचे एक अक्षर शिकवलेले नव्हते त्यांना आपल्या हातांच्या कातडीवरून जे कळले, ते शिकलेल्यांनी ऐकायला आणखी एकोणीस वर्षे घेतली.

होपवेलचा इशारा

दुसरा इशारा समुद्रापलीकडून आला. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात होपवेल या गावी केपोन तयार करणारा एक लहानसा कारखाना होता. १९७५ साली तेथील कामगारांचे हात थरथरू लागले, नजर ठरेना, छातीत दुखू लागले. एका डॉक्टरने कामगाराच्या रक्ताचा नमुना तपासणीसाठी पाठवला आणि त्यात क्लोरडिकोनचे प्रचंड प्रमाण निघाले. जुलै महिन्यात कारखाना बंद झाला. सांडपाणी शेजारच्या जेम्स नदीत गेले होते. तेथील मासे आणि कालवेही दूषित निघाली. डिसेंबर १९७५ मध्ये गव्हर्नरने नदीचा सुमारे शंभर मैलांचा पट्टा मासेमारीला बंद केला. शेवटचे निर्बंध उठायला १९८८ साल उजाडले. अमेरिकेत या औषधाचे उत्पादन आणि वापर दोन्ही थांबले. १९७९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने हे द्रव्य माणसात कर्करोग घडवू शकणाऱ्या संशयित द्रव्यांच्या यादीत घातले.

तिसरा इशारा तर घरातलाच होता. फ्रान्सच्याच कृषी-संशोधन संस्थेतील स्नेगारोफ यांनी १९७७ साली ग्वादलूपच्या मळ्यांची माती आणि नद्यांचे पाणी दूषित झाल्याचे नोंदवले. १९८० साली त्याच संस्थेतील केरमारेक यांच्या अहवालाने असली क्लोरीनयुक्त विषे तेथील वन्य जीवांच्या देहात साठत असल्याचे दाखवून दिले.

याच सुमारास १९७९ साली डेव्हिड आणि १९८० साली ॲलन ही दोन चक्रीवादळे बेटांवर आदळली. मळे झोपले आणि सोंडकिडा माजला. मळेवाले अगतिक झाले, हेही आपण मान्य केले पाहिजे. १९८१ साली त्याच द्रव्याला क्युरलोन या नव्या नावाने पुन्हा परवानगी मिळाली. अमेरिकेत ते बनत नव्हते, म्हणून मूळ द्रव्य ब्राझीलमध्ये बनवून घेण्यात आले. १९९० साली फ्रान्सने ही परवानगी काढून घेतली. परंतु बेटांवरील मळ्यांसाठी मुदतवाढीवर मुदतवाढ देत वापर १९९३ पर्यंत चालू ठेवला. १९७२ ते १९९३ या एकवीस वर्षांत सुमारे तीनशे टन शुद्ध क्लोरडिकोन या दोन छोट्या बेटांच्या मातीत गेले. सुमारे वीस हजार हेक्टर जमीन त्याने दूषित झाली, असा अंदाज आहे.

मातीतून समुद्राकडे

आता या विषाच्या प्रवासाकडे वळू. क्लोरडिकोन पाण्यात फारच थोडे विरघळते. मातीतील कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला ते घट्ट चिकटून बसते, आणि ज्वालामुखीच्या राखेची माती अशा सेंद्रिय अंशाने भरलेली असते. त्यामुळे मळ्याची जमीन हीच विषाची कोठी बनली. पावसाळ्यात पाणी त्या मातीतून झिरपते तेव्हा कणाकणाने थोडे विष झऱ्यांत उतरते. जोराचा पाऊस पडला की मातीच वाहून जाते आणि तिला चिकटलेले विष गाळाबरोबर नदीमुखाशी येते. तेथे पाणी संथ होते, गाळ खाली बसतो आणि तिवरांची मुळे त्याला धरून ठेवतात.

उष्ण कटिबंधातील किनाऱ्याची सारी समृद्धी याच ठिकाणी असते. तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्ले वाढतात, खेकडे बिळे करतात, समुद्रातील कितीतरी माशांचे बालपण येथेच जाते. थोडे पुढे सागरी गवताची कुरणे आणि त्यापलीकडे प्रवाळाचे खडक असतात. निसर्गाने जेथे पाळणाघर थाटले, नेमके तेथेच विषाचे कोठार झाले.

गाळातील बारीक जीव कुजका पाला खातात आणि त्याबरोबर विषाचा कण पोटात घेतात. त्यांना कोळंबी खाते, कोळंबीला मासा खातो, लहान माशाला मोठा मासा गिळतो. प्रत्येक देहात जेवढे विष येते तेवढे बाहेर पडत नाही. शिल्लक साठत जाते. सावकाराच्या वहीत व्याज मुद्दलात मिळत जावे तसे हे आहे. पाण्याची चाचणी घेतली तर नगण्य वाटणारा अंश अशा रीतीने प्राण्याच्या देहात पाण्याच्या कितीतरी पट होतो. डीडीटीसारखी विषे चरबीत जाऊन बसतात. क्लोरडिकोन मात्र रक्तातील प्रथिनांना धरून फिरते आणि विशेषतः यकृतात साठते.

शास्त्रज्ञांनी दोन्ही बेटांभोवतीचे मासे, शेवंडी, खेकडे आणि शिंपले वर्षानुवर्षे तपासले. मळ्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या खाड्या आणि तिवरांचे प्रदेश सर्वांत दूषित निघाले. किनाऱ्यापासून लांब जावे तसतसे प्रमाण उतरत गेले. तळाशी राहणारी शेवंड विशेष दूषित निघाली. खोल समुद्रातील टुना व त्याच्यासारखे फिरते मासे बहुधा स्वच्छ राहिले. तरीही त्या विषाने खोल समुद्र अगदीच सोडला असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ग्वादलूपजवळच्या समुद्रातील डॉल्फिन आणि व्हेल यांच्या चरबीच्या नमुन्यांतही त्याचे सूक्ष्म अंश सापडले. ज्या प्राण्याने आयुष्यात कधी केळीचे पान पाहिले नाही, त्याच्या देहात केळीच्या मळ्यातील औषध गेले होते.

येथे जेम्स नदीशी तुलना केली म्हणजे एक महत्त्वाचा भेद कळतो. होपवेलला विष एका कारखान्यातून येत होते. कारखाना बंद झाला, उगम आटला आणि नदीने आणलेल्या स्वच्छ गाळाखाली जुना दूषित गाळ हळूहळू गाडला गेला. बेटांवर उगम म्हणजे स्वतः जमीन आहे. औषध बंद होऊन तीस वर्षे लोटली तरी प्रत्येक पाऊस नवा हप्ता समुद्राला देतो.

एवढेच नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी नदीमुखाजवळच्या समुद्रतळातून गाळाचे उभे नमुने काढले. गाळाचे थर वर्षांप्रमाणे एकावर एक बसतात, म्हणून ते जुन्या दप्तरासारखे वाचता येतात. वापर १९९३ मध्ये थांबला असता त्या थरांत क्लोरडिकोन १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उलट वाढलेले दिसले. संशोधकांचे अनुमान असे की, त्या काळात ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर वाढला, गवत मेल्याने जमीन उघडी पडली, धूप वाढली आणि मातीत निजलेले जुने विष जागे होऊन समुद्राकडे निघाले. दुसऱ्या औषधाने पहिल्याला वाट करून दिली.

लाभ एकाचा, भरणा दुसऱ्याचा

एवढे होऊनही बेटांवरील सामान्य माणसाला १९९९ पर्यंत काही कळले नाही. त्या वर्षी पिण्याच्या पाण्याच्या नव्या चाचण्यांत क्लोरडिकोन आढळले. काही झरे बंद करावे लागले. काही ठिकाणी कोळशाच्या गाळण्या बसवल्या गेल्या. ऑगस्ट २००२ मध्ये मार्टिनिकहून आलेली दीड टन रताळी फ्रान्सच्या डंकर्क बंदरात दूषित म्हणून पकडली गेली आणि मग पॅरिसच्या वर्तमानपत्रांचेही लक्ष गेले.

जमिनीखाली वाढणारे रताळे, अळूचा कांदा, कोनफळ यांसारखे कंद मातीतून हे विष घेतात. भोपळा आणि काकडीच्या वर्गातील फळेही थोडे घेतात. दूषित जमिनीवर चरणारी गाय आणि अंगणात माती उकरणारी कोंबडी हेही त्यातून सुटत नाहीत. परंतु उंच वाढणाऱ्या झाडांच्या फळांपर्यंत ते जवळजवळ पोहोचत नाही. म्हणजे ज्या केळ्यासाठी हा सारा खटाटोप झाला, ते केळे स्वच्छ राहिले! ते जहाजात बसून युरोपला गेले आणि तेथील मुलांनी ते निर्धास्तपणे खाल्ले. दूषित राहिले ते परसातले रताळे, ओढ्यातील कोळंबी आणि खाडीतील मासा, म्हणजे गरिबाचे अन्न.

२००८ साली मासळीसाठी मर्यादा ठरली : एका किलोत वीस मायक्रोग्रॅम. सोप्या हिशेबात, पन्नास टन मासळीत मिळून अवघा एक ग्रॅम. मातीत गेलेले तीनशे टन म्हणजे तीस कोटी ग्रॅम होतात, हे शेजारी मांडून पाहिले म्हणजे संकटाचा आकार ध्यानात येतो. त्यानंतरच्या काही वर्षांत नद्यांतील आणि किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यांतील मासेमारीवर बंदी आली. काही ठिकाणी सर्वच मासळीवर, काही ठिकाणी ठराविक जातींवर. दोन्ही बेटांतील लहान मच्छीमार किनाऱ्याजवळ पिंजरे टाकून शेवंडी आणि खडकातील मासे पकडतात. खोल समुद्रात जायचे तर मोठी होडी हवी, मोठे यंत्र हवे, इंधन हवे. २०१२ च्या अखेरीस मार्टिनिकच्या मच्छीमारांनी फोर-द-फ्रान्सचे बंदर अडवून धरले. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्ही केळी लावली नाही, औषध टाकले नाही, घड विकून पैसे केले नाहीत, मग आमचा समुद्र का बंद?

त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे कोणाला शक्य नव्हते. मदत दिली गेली; परंतु बापाने दाखवलेली मासे धरण्याची जागा मुलाच्या हातून गेली, त्याची भरपाई रकमेत होत नाही.

माणसाच्या रक्तात

या साखळीच्या शेवटी माणूस आहे. २०१३-१४ साली केलेल्या पाहणीत ग्वादलूपमधील ९५ टक्के आणि मार्टिनिकमधील ९२ टक्के प्रौढांच्या रक्तात क्लोरडिकोन सापडले. ग्वादलूपमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रक्तात हे द्रव्य जास्त असलेल्या पुरुषांना प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे आढळले. तेथील क्रिओल बोलीत बालकाला ‘तिमून’ म्हणतात. त्याच नावाने चाललेल्या अभ्यासात सुमारे हजार गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. आईच्या रक्तातील जास्त प्रमाणाचा मुदतपूर्व प्रसूतीशी आणि बाळाच्या वाढीतील काही उणिवांशी संबंध दिसून आला. डिसेंबर २०२१ मध्ये फ्रान्सने कीटकनाशके हाताळलेल्या शेतमजुरांचा प्रोस्टेट कर्करोग हा धंद्यातून जडलेला रोग म्हणून मान्य केला. पांढरी पूड मुठीने टाकणारे कितीतरी हात तोवर मातीआड गेले होते.

वाचकांना केवळ भय देऊन सोडणे आम्हांला उचित वाटत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. माणसाचा देह हे विष कायमचे धरून ठेवत नाही. नवे विष पोटात जाणे थांबले तर रक्तातील प्रमाण पाच-सहा महिन्यांत निम्म्यावर येते, हे होपवेलच्या कामगारांवरूनच कळले. दूषित कुरणातील गुरे काही महिने स्वच्छ जमिनीवर चारली तर तीही निवळतात. म्हणून बेटांवर घरगुती परसबागांची माती फुकट तपासून देण्याची योजना चालते. ज्याची माती दूषित त्याने कंद न लावता टोमॅटो, मिरची, फळझाडे लावावीत, मासळी परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. आजी ज्या ओढ्यातून कोळंबी आणत असे त्या ओढ्याकडे नातवाने पाठ फिरवायची, हे सोपे नाही. तरी कित्येक घरांनी ते स्वीकारले आहे.

मातीविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. २००९ सालच्या एका गणिताप्रमाणे मातीच्या प्रकारानुसार हे विष जायला काही दशकांपासून कित्येक शतकांपर्यंतचा काळ लागेल. अलीकडच्या मोजणीवरून काही संशोधक म्हणतात की, ते त्याहून बरेच लवकर, याच शतकात ओसरेल. २००९ मध्येच क्लोरडिकोनचा समावेश स्टॉकहोम करारात झाला आणि जगभर त्यावर बंदी आली.

न्यायाची वाट

२००६ साली ग्वादलूपमधील संघटनांनी फौजदारी तक्रार दाखल केली. तपास पॅरिसच्या न्यायाधीशांकडे गेला आणि सोळा वर्षे चालला. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी मार्टिनिकला येऊन हा पर्यावरणाचा घोर प्रमाद असल्याचे मान्य केले. २०१९ साली संसदीय चौकशी समितीने राज्यसंस्थेची जबाबदारी सर्वप्रथम असल्याचे म्हटले. तरीही जानेवारी २०२३ मध्ये न्यायाधीशांनी फौजदारी प्रकरण बंद केले. लोकांच्या आरोग्याला हानी झाली हे त्यांनी नाकारले नाही. परंतु इतक्या जुन्या कृत्यांचे पुरावे जुळत नाहीत आणि मुदतही टळून गेली आहे, असे कारण दिले. बेटांवर त्या दिवशी संताप उसळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या लोकप्रतिनिधी-सभेने राज्याची जबाबदारी मान्य करणारे विधेयक पहिल्या वाचनात संमत केले. मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने शासनाचा दोष मान्य केला आणि ज्यांना आपला विषाशी आलेला संबंध व त्यातून आलेली आजाराची धास्ती सिद्ध करता येईल त्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला.

सिद्ध करता येईल त्यांना! अंगमेहनत करणाऱ्या बाईने १९७५ साली आपण कोणत्या मळ्यात किती दिवस पूड टाकली, याची पावती कोठे जपून ठेवली असणार? तिचा पुरावा तिच्या रक्तात होता. पण रक्त तर निवळत जाते. खाडीच्या गाळात मात्र वर्षवार नोंद आजही शाबूत आहे.

हा इतिहास वाचताना आम्हांला एक गोष्ट सर्वांत अधिक टोचली. येथे अज्ञान हे कारण नव्हते. १९७४ साली मजुरांनी सांगितले, १९७५ साली होपवेलने दाखवले, १९७७ आणि १९८० साली शास्त्रज्ञांनी लिहून दिले. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले : आणखी थोडे दिवस, हे पीक निघू द्या, हा साठा संपू द्या. कोणी एकाने दुष्टपणे विष कालवले असते तर त्याला पकडता आले असते. येथे बऱ्याच सज्जन माणसांनी आपापल्या टेबलावरून थोडी थोडी मुदतवाढ दिली.

आपल्या वाडीतला ओहोळही शेवटी कोठल्यातरी खाडीलाच मिळतो. झाडाच्या बुंध्याशी काही टाकण्यापूर्वी पिशवीवरचा मजकूर वाचणे, फवारणी करणाऱ्या गड्याच्या हातात मोजे आहेत की नाहीत ते पाहणे आणि खाडीवरचा मच्छीमार ‘मासळी पूर्वीसारखी राहिली नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याचे बोलणे तक्रार समजून सोडून न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. मार्टिनिकच्या किनाऱ्यावर पुढच्या ईस्टरलाही पातेली चढतील. आजी खेकडे विकणाऱ्याला विचारील, कोणत्या ओढ्याकाठचे? त्याला खरे उत्तर देता यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.